पाचवी जुडी

सावेली तिखोनोविचने घंगाळात कढत पाणी ओतलं आणि फळीवरच्या वाळलेल्या डहाळ्यांच्या जुड्या काढायला हात वर केला, तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला. शनिवारी सकाळी साडेनऊला तो वाजायचाच. पलीकडे उपगव्हर्नरांचा सचिव रुस्लान असायचा. दुपारी वाफ घ्यायला किती जण येणार, तेवढा आकडा सांगून तो फोन ठेवायचा.

"किती भिजवू?" तिखोनिचने विचारलं. सगळे त्याला बापाच्या नावानेच हाक मारत, आणि आता त्यालाही आपलं नाव तेवढंच आहे असं वाटू लागलं होतं.

"चार."

"चार? पाच ना?"

"चार म्हटलं ना. बर्चच्या चार. ओकची नको."

"म्हणजे आर्काडी ल्वोविच आज येत नाहीत?"

"तुला जुड्या भिजवायच्यात की हजेरी घ्यायचीय?" रुस्लान हसला. तो फार नीटनेटका माणूस होता. त्याला काहीही वाया गेलेलं खपत नसे, पाल्याची एक जुडीसुद्धा. फोन ठेवला गेला.

तिखोनिच रिसीव्हर हातात धरून उभा राहिला. घंगाळातलं पाणी निवायला लागलं तरी त्याच्या ते ध्यानात आलं नाही.

ओकची जुडी एकट्या झाबेलिनची. आर्काडी ल्वोविच झाबेलिनच्या अंगावर बर्चच्या पाल्याने पुरळ उठायचं, म्हणून अकरा वर्षं त्याच्यासाठी ओकच्या डहाळ्या जूनमध्ये वेगळ्या तोडल्या जात, वेगळ्या वाळवल्या जात आणि वेगळ्या घंगाळात भिजवल्या जात. बाकीच्या चौघांना काहीही चालायचं. घर उपगव्हर्नर वादिम पेत्रोविचचं, नदीकाठचं, पाइनच्या झाडीतलं. त्याच्याबरोबर पोलिसांचा जनरल यायचा, प्रांताचा सरकारी वकील यायचा आणि एक बांधकामवाला यायचा, ज्याने शहरातले निम्मे पूल बांधले होते आणि उरलेल्या निम्म्यांची दुरुस्ती केली होती. पाचवा झाबेलिन, नदीवरचं बंदर त्याच्या ताब्यात. प्रांत चालवायचा तो या पाच जणांनी. काय कसं चालवायचं ते वाफेच्या खोलीत, वरच्या फळीवर घाम गाळत ठरायचं, आणि सोमवारी कचेऱ्यांतून फक्त सह्या व्हायच्या. तिखोनिच भिजवलेल्या जुड्यांनी त्यांच्या पाठी बडवायचा आणि कानावर पडलेलं सगळं पाण्याबरोबर मोरीत जाऊ द्यायचा.

महिन्याभरापासून मात्र बंदरावरून बिनसलं होतं. झाबेलिन ऐकेना. कागद घेऊन मॉस्कोला जाईन म्हणाला होता, आणि तेही याच फळीवर बसून, मोठ्याने, सगळ्यांच्या देखत.

एवढंच असतं तर तिखोनिचने ओकची जुडी फळीवरच राहू दिली असती आणि कामाला लागला असता. पण तीन वर्षांपूर्वी ही मंडळी पाच नव्हती, सहा होती. सहावा पाणीपुरवठ्याचा म्हातारा प्रमुख. एका शनिवारी सकाळी रुस्लानने "पाच" सांगितलं, तिखोनिचने पाच भिजवल्या, आणि संध्याकाळच्या बातम्यांत कळलं की म्हातारा स्वतःच्या घराच्या सातव्या मजल्यावरून पडला. खिडकी पुसत होता म्हणे. ज्याने जन्मात स्वतःचा चहाचा कप विसळला नाही, तो डिसेंबरच्या थंडीत खिडकी पुसत होता! म्हातारा पडला दुपारी चारला, आणि आकडा आला होता सकाळी साडेनऊला. दोन्ही वेळा एकमेकींशेजारी ठेवून बघायला तिखोनिचला दोन दिवस लागले होते. मग त्याने ते पोटात ठेवलं ते ठेवलंच. मुलालाही सांगितलं नाही.

आणि मुलगा, त्याचा ग्लेब, सहा वर्षं झाबेलिनची गाडी चालवत होता.

नोकरी तिखोनिचनेच लावून दिली होती. एकदा झाबेलिनच्या पाठीवर चांगला हात चालवला, साहेब खूश झाले, तेव्हा हळूच शब्द टाकला होता. आता तो शब्द आठवून त्याला स्वतःचीच जीभ तोडावीशी वाटली.

तो आपल्या खोलीत गेला. खोली कसली, भट्टीपुढची दोन पावलांची जागा. भट्टीचं तोंड या खोलीत आणि पाठ पलीकडे वाफेच्या खोलीत. जुन्या घडणीची भट्टी, आग दगडांमधून वर जाऊन धुराड्यात शिरायची. धुराड्याला लोखंडी झडप. लाकडं पुरती जळून जाईतो झडप उघडी ठेवायची आणि निखाऱ्यांवर निळी ज्योत फिरत असेतो तिला हात लावायचा नाही, हा त्याच्या धंद्याचा पहिला धडा. ती निळी फसवी असते. झडप लागली की ती वायू होऊन वाफेच्या खोलीत उतरते. तिला ना वास, ना धूर. माणसाला वाटतं, डोकं जड झालं, जरा टेकावं, आणि तो टेकतो तो उठत नाही. ग्लेब लहान असताना, तेव्हाच्या गावच्या न्हाणीत, भट्टीपुढे उकिडवा बसायचा आणि डोळे फाडून बघत राहायचा. "बाबा, निळी झोपली," तो ओरडला की मगच तिखोनिच झडप लावायचा. बायको क्लावदिया गेल्यावर घरात बापलेक दोघंच उरले होते. ग्लेबने लग्न केलं नाही. आता करेन, मग करेन, असं करता करता चौतिशी उलटली.

अकराला मोबाइल वाजला. ग्लेबच.

"बाबा, चहा टाकून ठेव. आम्ही साडेतीनला पोचतो. आणि तुझ्यासाठी सुके मासे घेतलेत, दोन, अंड्यांनी भरलेले. जनरलला दाखवू नकोस, मागच्या वेळी सगळे त्यानेच हाणले."

म्हणजे झाबेलिन येणार होता. येणार नाही हे त्याला स्वतःलाच ठाऊक नव्हतं.

या आवारातले फोन ऐकले जातात हे कुंपणावरच्या कावळ्यालाही माहीत होतं. त्याने आवाज जमेल तेवढा साधा ठेवला.

"ग्लेब, तुझा खोकला कसा आहे?"

"कसला खोकला?"

"काल खोकत होतास ना. आज रजा टाक. झोपून राहा."

"म्हातारपणी तुला झालंय तरी काय? शनिवारी रजा? साहेब इथे शेजारी उभे आहेत, बुटाची नाडी बांधतायत."

तिखोनिचने डोळे मिटले. पोराला उघड सांगता येत नव्हतं, आणि आडून सांगितलेलं त्याला कळत नव्हतं. ग्लेब आईसारखा सरळ होता; सरळ माणसाला आडवळण दिसतच नाही. पण आडवळणातच ज्याचं आयुष्य गेलं असा एक माणूस त्याच्या शेजारी उभा होता.

"साहेबांना दे जरा."

"बोल, तिखोनिच," झाबेलिन म्हणाला.

"आर्काडी ल्वोविच, माफ करा हं. तुमची ओकची जुडी मी आज भिजवली नाही. नको, चारच भिजव, असं सांगितलंय. म्हटलं विचारून घ्यावं. चूक नको व्हायला."

नाडी बांधणारा हात थांबला असावा. झाबेलिनलाही सहावा माणूस आठवत असणार.

"कुणी सांगितलं?"

"नेहमी सांगतो त्यानेच."

"बरं." मग अगदी हलक्या आवाजात, "तिखोनिच, तुझे उपकार मी विसरणार नाही."

"ग्लेब तुमच्याबरोबर आहे, साहेब."

"ग्लेब माझ्याबरोबर आहे. तू काळजी करू नकोस."

फोन ठेवल्यावर तिखोनिच ठोकळ्यावर बसला आणि लहान पोरासारखा रडला. मग तोंड धुऊन त्याने लाकडं फोडली, फरशी घासली, काकडीचं लोणचं बशीत काढलं. दुपारपर्यंत तो चक्क गुणगुणायला लागला. साहेब आता घरातून हलणार नाहीत, गाडी गॅरेजात राहील, पोरगा स्वयंपाकघरात बसून सूर्यफुलाच्या बिया चावत बसेल. संध्याकाळी आपली चौकशी झाली तर झाली. आपल्याला काय, आपण जुड्यांची चौकशी करणारा साधा न्हाणीवाला.

तीनला चौघे आले. पहारेकरी फाटकापाशी आपल्या खोपटात टीव्ही बघत बसले. साहेब लोकांनी कपडे उतरवले, खुंटीवरच्या आपापल्या लोकरी टोप्या घातल्या आणि आत शिरले. पाचवी टोपी खुंटीवर तशीच राहिली. तिच्याकडे चौघांपैकी एकानेही पाहिलं नाही, चुकूनही नाही.

"तिखोनिच, आज हात सैल का रे?" जनरल पालथा पडून ओरडला. "बायकोला गोंजारतोयस का?"

"बायको जाऊन नऊ वर्षं झाली, साहेब."

"मग दुसरी कर! ए वकील, याला एखादी तुरुंगातली शोधून दे."

सगळे हसले. वाफ घेऊन, नदीच्या बर्फातल्या भोकात बुडी मारून, लालबुंद होऊन ते बाहेरच्या खोलीत टेबलाशी येऊन बसले. लोणचं, डुकराच्या चरबीचे काप, काळा पाव, गारठवलेली बाटली. पावणेचारला जनरलचा फोन वाजला. त्याने दोनदा "बरं" म्हटलं आणि फोन पालथा ठेवला.

"पुलावर," तो म्हणाला. "गाडी पूर्ण जळाली."

वादिम पेत्रोविचने चार पेले भरले. चौघे उभे राहिले, पेले उचलले आणि एकमेकांना न लावता एका घोटात रिकामे केले. मेलेल्यासाठी पिताना पेल्याला पेला लावायचा नाही, हे इथे पाळण्यातलं पोरही जाणतं. कोण मेलं, ते मात्र एकानेही विचारलं नाही.

लोणच्याची बशी तिखोनिचच्या हातात होती. ती टेबलावर ठेवून तो भट्टीच्या खोलीत आला आणि त्याने ग्लेबला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. गाडी रिकामी असेल, त्याने स्वतःला समजावलं. कुठेतरी सोडून दिली असेल. साहेबांनी शब्द दिलाय. ग्लेब माझ्याबरोबर आहे म्हणाले. तो हे मनात म्हणत राहिला आणि पुन्हा पुन्हा फोन लावत राहिला.

छोट्या खिडकीतून गोठलेली नदी दिसायची. पलीकडच्या काठावर लोकल गाडीचा थांबा, तिथून बर्फावरून पाऊलवाट. त्या वाटेवरून एक माणूस येत होता. निळं जाडजूड जाकीट, नारिंगी चेन. ग्लेबच्या वाढदिवसाला तिखोनिचनेच ते घेतलं होतं आणि रंगावरून पोराने त्याची महिनाभर थट्टा केली होती. बर्फात हरवलो तर हेलिकॉप्टरातूनही दिसेन, म्हणाला होता.

तिखोनिच तसाच, अंगात नुसता सदरा, बाहेर धावला. पायरीवर घसरला, उठला, पुन्हा धावला. "ग्लेबुष्का!" तो ओरडला. आयुष्यात इतका आनंद त्याला कधी झाला नव्हता, पोराच्या जन्माच्या वेळीसुद्धा नाही.

जाकिटातल्या माणसाने मान वर केली. तो झाबेलिन होता.

"आत चल, तिखोनिच. गारठशील."

"ग्लेब कुठाय?"

"हे बघ, गाडी ठरल्या वेळी निघायला हवी होती. नाहीतर त्यांना कळलं असतं. मग आज नाही तर उद्या, उद्या नाही तर परवा." झाबेलिनच्या भुवयांवर बर्फ चिकटला होता. त्याची नजर तिखोनिचच्या खांद्यावरून घराकडे होती. "मी कधी कधी स्वतः चालवतो, त्यांना माहीत आहे. माझा कोट दिला त्याला, माझी टोपी दिली."

"काय सांगितलंत त्याला?"

"म्हटलं, मला थोडं काम आहे, तू हो पुढे. बाबा वाट बघत असेल."

झाबेलिनने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, थोडासा दाबला आणि तो घराकडे चालू लागला.

दार उघडून झाबेलिन आत आला तेव्हा चौघांपैकी बांधकामवाल्याच्या हातातून पावाचा तुकडा पडला. मागोमाग तिखोनिच आला आणि दाराशी उभा राहिला. नोकराला तिथेच उभं राहायचं असतं.

झाबेलिनने जाकीट काढून खुंटीला लावलं. "क्वास आहे का? चालून चालून घसा सुकला."

मग वादिम पेत्रोविच म्हणाला, "आर्काडी. तू."

"मी. तासभर चालत होतो, तेवढ्यात बराच विचार केला. मॉस्कोला जायची मला काही घाई नाही. बंदराचे कागद सोमवारी घेऊन येतो. तुम्ही म्हणाल त्या नावावर सही करतो. मला माझ्या तीन बोटी राहू द्या आणि शनिवार राहू द्या. मला या भट्टीची सवय झालीय."

वादिम पेत्रोविच त्याच्याकडे बघत राहिला. मग बाकावर थोडा सरकला. सरकारी वकिलाने पाचवा पेला शोधून आणला. या वेळी पेले एकमेकांवर आपटले, चांगले खणखणीत, आणि जनरलने झाबेलिनच्या मानेला विळखा घालून त्याचा गाल चुंबला.

"पण तुला कळलं कसं रे, कोल्ह्या?"

झाबेलिनने लोणच्यातली काकडी उचलली. "तुमचा न्हाणीवाला फार कर्तव्यदक्ष आहे. जुडी भिजवू का म्हणून विचारायला फोन केला होता."

पाचही चेहरे दाराकडे वळले. वादिम पेत्रोविच हसला, त्याचं हसणं नेहमीच सौम्य असायचं.

"अकरा वर्षं, तिखोनिच. आता थकला असशील. रुस्लानला सांगतो, पुढच्या शनिवारपासून दुसरा माणूस बघेल. तुला आराम."

"गाडीत कोण होतं?" बांधकामवाल्याने विचारलं.

"ड्रायव्हर," झाबेलिन म्हणाला. "चांगला पोरगा होता." आणि एवढं म्हणताना त्याने मान खाली घातली, हेही खरं.

"चला, पुन्हा एकदा वाफ होऊ द्या," जनरलने मांडीवर थाप मारली. "पाच जणांची! तिखोनिच, भट्टी पेटव. आणि याची ती ओकची भिजव."

तिखोनिचने ओकची जुडी फळीवरून काढली आणि कढत पाण्यात दाबून धरली. ओकचा पाला जाड असतो, त्याला वेळ लागतो. जाताना त्याने खुंटीवरचं निळं जाकीट बरोबर घेतलं. कुणी हरकत घेतली नाही. भट्टीच्या खोलीत त्याने खिशात हात घातला. सूर्यफुलाच्या बिया होत्या, आणि वर्तमानपत्रात गुंडाळून दोरा बांधलेले दोन सुके मासे.

त्याने पावाची एक जाड चकती कापली, एका पेल्यात दारू ओतली, चकती पेल्यावर झाकली आणि पेला खिडकीत ठेवला. मेलेल्या माणसाला एवढं तरी द्यायचं असतं. मग त्याने भट्टीत बर्चची लाकडं रचली आणि आग लावली.

लाकडं चांगली पेटली, कोसळली, निखारे झाले. तो समोर उकिडवा बसून राहिला. पलीकडे हसणं वाढत चाललं होतं. बोटींचं बोलणं झालं, मॉस्कोतल्या कुणाच्या तरी लग्नाचं बोलणं सुरू झालं.

"झालं का रे?" वादिम पेत्रोविच ओरडला.

तिखोनिचने निखाऱ्यांकडे पाहिलं. निळी ज्योत त्यांच्यावरून सरसरत होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. अजून अर्धा तास तरी झोपणार नव्हती.

"झालं. या."

पाच टोप्या आत गेल्या. त्याने दगडांवर ओगराळंभर पाणी ओतलं, सगळ्यांच्या पाठी बडवल्या, झाबेलिनची सर्वांत शेवटी आणि सर्वांत मन लावून. झाबेलिन सुखाने कण्हला.

"तुझ्यासारखा हात कुणाचा नाही, तिखोनिच."

"पडून राहा, आर्काडी ल्वोविच. मी निखारे बघून येतो."

आतलं दार त्याने नीट ओढून घेतलं, वाफ फुकट जाऊ नये म्हणून. भट्टीच्या खोलीत येऊन त्याने झडपेची कडी धरली. भीती वाटत होती, सकाळपासून वाटत होती तशीच. "बाबा, निळी झोपली का?" कानात कुणीतरी विचारलं.

"नाही रे," तो म्हणाला, आणि झडप शेवटपर्यंत आत ढकलली.

निळं जाकीट अंगात घालून, माशांचं पुडकं घेऊन तो बाहेर आला आणि पायरीवर बसला. जाकीट त्याला घट्ट होत होतं. नदीपलीकडे पुलाच्या बाजूला अजून थोडा काळा धूर होता. बऱ्याच वेळाने आतून बांधकामवाल्याचा आवाज आला, जडसर, झोपाळलेला.

"तिखोनिच, डोकं जड झालं रे."

"ओकच्या पाल्याने होतं तसं," त्याने बसल्या जागेवरून सांगितलं. "जरा टेका. बरं वाटेल."

फाटकापासचा पहारेकरी सिगारेट ओढायला बाहेर आला होता. त्याने लांबूनच विचारलं, "साहेब लोक अजून आतच?"

"आज वेळ लागेल," तिखोनिच म्हणाला.

पहारेकऱ्याने मान हलवली आणि तो पुन्हा टीव्हीकडे गेला. तिखोनिचने पुडक्याचा दोरा सोडला. एक मासा पायरीवर आपटून मऊ केला आणि सोलायला घेतला. दुसरा तसाच शेजारी ठेवला.